पिल्लू चावतंय हो, काय करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हलव्या आमच्याकडे आला किंक्रांतीला. नाशिकला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीमागे एक काळं कुळकुळीत पिल्लू कुईंकुईं करत होतं, आई गाडीखाली गेलेली, भावंडं कोणी कोणी उचलून नेलेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं किंक्रांतीला कोणी घरात नवीन काही आणतं का?" आणि अर्ध्या तासाने त्याच त्याच्यासाठी जुनी गोधडी शोधत होत्या. नाव लेकीने ठेवलं. संक्रांतीच्या हलव्याला कसे काटे असतात, तसे याच्या तोंडात आहेत म्हणून हलव्या. पुढचे तीन महिने घरातल्या प्रत्येकाच्या हातावर ओरखडे होते. तेव्हापासून ओळखीतलं कोणीही पिल्लू आणलं की मला फोन येतो, आणि प्रश्न साधारण तेच ते असतात, म्हणून एकदाचे सगळे लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, ट्रेनर नाही, पण वाचून, विचारून आणि मुख्य म्हणजे चावून घेऊन जे कळलं ते असं.

पिल्लू सारखं चावतं म्हणजे ते रागीट निघणार का?

नाही हो. दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू चावतं कारण त्याला हात नाहीत. आपलं बाळ कसं दिसेल ती वस्तू उचलून तोंडात घालतं, तसं पिल्लू सगळं जग तोंडानेच बघतं, खेळतंही तोंडाने आणि आपल्याला हाकही तोंडानेच मारतं. भावंडांशी कुस्ती खेळताना ती एकमेकांचे कान, मान, पाय चावतच असतात. आता भावंडं गेली आणि तुमचा हात आला, एवढाच फरक. उलट जे पिल्लू अजिबात तोंड लावत नाही, कोपऱ्यात बसून राहतं, त्याची मला जास्त काळजी वाटते, एकतर ते घाबरलंय नाहीतर आजारी आहे.

एवढुसे दात, पण लागतं किती!

दुधाचे दात २८ असतात आणि सुयांसारखे असतात. जबड्यात जोर नसतो म्हणून मोडतोड होत नाही, पण टोचतं मात्र जबरदस्त, आणि ते एका अर्थी कामाचंच आहे, कारण पिल्लाने थोडंसं जरी जास्त दाबलं तरी समोरचा लगेच ओरडतो आणि पिल्लाला कळतं की अरे, एवढं नाही दाबायचं. साडेतीन-चार महिन्यांपासून हे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत मोठे ४२ दात येतात. म्हणजे जबड्यात खरा जोर यायच्या आत दात किती दाबायचे हे त्याने शिकलेलं असलं पाहिजे. घाई कशाची आहे तर याची. चावणं पूर्ण बंद व्हायला वेळ लागला तरी चालेल, पण जोरात चावणं लवकर बंद व्हायला हवं.

हा क्रम, म्हणजे आधी जोर कमी, मग वेळा कमी, मग बंद, इयन डनबार नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सगळीकडे पोचवला. काही ट्रेनर म्हणतात की एवढं कशाला, पहिल्या दिवसापासून दात अंगाला लागलाच नाही पाहिजे. मला डनबारचं पटतं. पुढे कधी कोणाचा पाय शेपटीवर पडला आणि कुत्रा दचकून वळला, तर ज्याने जोर आवरायला शिकलंय तो नुसता तोंड लावून सोडतो.

आमचं ४५ दिवसांचं पिल्लू आहे, फारच चावतं. लवकर आणलं म्हणून का?

बहुतेक हो. आपल्याकडे विकणारे सर्रास "पंचेचाळीस दिवसांचं झालं की घेऊन जा" म्हणतात, पण कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे जे २०१७ चे केंद्राचे नियम आहेत त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे, म्हणजे ५६ दिवस. मधले ते दहा-अकरा दिवस किरकोळ वाटतात पण त्याच दिवसांत आई आणि भावंडं पिल्लाला चावण्याचं गणित शिकवत असतात. जास्त दाबलं की भाऊ केकाटून उठून जातो, खेळ संपला. आई दूध पाजता पाजता उठून जाते, जेवण संपलं. हे तुमच्या पिल्लाचं राहून गेलं असेल तर घाबरू नका, फक्त भावाचं काम तुम्हाला करायचंय. हलव्याचंही तेच होतं.

रस्त्यावरच्या पिल्लांचं वय कळत नाही अशी तक्रार असते. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांचा मोसम साधारण भाद्रपदाच्या आसपास, पोटात राहायचे दोन महिने, त्यामुळे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. हा नुसता अंदाज झाला, नक्की वय डॉक्टर दात बघून सांगतात.

चावलं की नेमकं त्या क्षणी काय करायचं?

पहिली गोष्ट, हात झटक्यात मागे ओढू नका. मला माहितीये, ओढला जातोच. पण हात पळाला की पिल्लाला वाटतं शिकार पळाली, आणि वरून ओढताना त्या सुया कातडीवरून फरफटतात, ओरखडा त्यानेच पडतो. हात मेल्यासारखा ढिला सोडा. त्यात मजा नसते, ते सोडतं.

दुसरी गोष्ट, लगेच खेळ थांबवा. उठा, तोंड फिरवा, हात छातीशी घ्या. तेवढ्याने ते थांबलं तर तिथंच त्याचं खेळणं द्या आणि परत खेळायला लागा. नाही थांबलं, पाठीमागून येऊन पोटरीला लटकलं, तर तुम्हीच त्याच्यापासून लांब जा. वीस-तीस सेकंद. जास्त नाही. जास्त वेळ गेला की आपण कशामुळे एकटे पडलो हे ते विसरून जातं आणि नुसतं रडतं.

आता वन बीएचकेमध्ये लांब जायचं म्हणजे कुठं जायचं हा प्रश्न आम्हालाही होता. आम्ही काय केलं, हॉलमधल्या दिवाणाच्या पायाला एक चार फुटी पट्टा बांधला आणि खेळायच्या वेळी तो हलव्याच्या गळपट्ट्याला लावायचो (कोणी बाजूला असेल तेव्हाच, नाहीतर पिल्लू गुंतून बसतं). मी फरशीवर बसायची, तो मांडीवर चढायचा, दोरीशी खेळायचा, आणि मनगटाला दात लागला की मी काही न बोलता ढुंगणावरच दोन फरशा मागे सरकायची. तो पट्ट्याच्या टोकाला येऊन उभा. बघतोय. भुंकून बघितलं, पट्टा चावून बघितला, मग एकदम मटकन खाली बसला. बसला की मी परत पुढे. पहिल्या दिवशी संध्याकाळच्या पंधरा मिनिटांत मी बारा वेळा सरकले, मोजले मी, लेक हसत होती. आठव्या दिवशी तीन वेळा. तोंड लावत होता पण दाब गेला होता, नुसतं ओलं ओलं लागायचं.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात, शांत असेल तेव्हा कौतुक करा. आपण पिल्लू चावलं की त्याच्याकडे बघतो, आणि निमूट पडलं असलं की मोबाइल बघतो. त्यातून त्याने काय शिकायचं? शांत पडलं असेल तेव्हा उगाच जाऊन उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा ठेवून या. व्हेज घर असेल तर पनीर.

ते "आई गं!" असं जोरात ओरडायचं म्हणतात, त्याने होतं का?

काही पिल्लांचं होतं. भावंडाचं केकाटणं वाटून थबकतात, मग दोन सेकंद शांत राहून परत सावकाश खेळायचं. काही पिल्लं मात्र ओरडलं की अजून चेकाळतात, त्यांना वाटतं खेळणं वाजलं. आमचा हलव्या दुसऱ्या गटातला. तीन-चारदा करून बघा, वाढलं तर सोडून द्या.

आम्ही सगळं करतोय पण घरातली बाकी माणसं ऐकत नाहीत.

इथंच सगळं अडतं. माझ्या मते निम्म्याहून जास्त घरांत पिल्लाचं काही चुकत नसतं, घरात चार माणसं चार खेळ खेळत असतात. मी हात काढून घेतेय, नवरा ऑफिसमधून येऊन त्याच्याशी हाताने कुस्ती खेळतोय, सासूबाई चावला की "अरे लबाडा" म्हणून कुरवाळतायत, आणि आमचे अण्णा, म्हणजे सासरे, आरामखुर्चीत बसून पायाचा अंगठा हलवून हलवून त्याला चिडवतायत. वर म्हणणार, "मला नाही चावत तो." चावत नाही कसा, अंगठ्याला चिकटपट्टी होती!

बिचाऱ्या पिल्लाला कसं कळणार की अण्णांचा अंगठा चावला तर हशा आणि सूनबाईचा चावला तर शिक्षा? त्याच्या हिशेबात माणूस म्हणजे माणूस. दहातल्या दोन वेळा जरी चावून मजा मिळाली तरी ते चावत राहणार. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस तरी काय वेगळं करतो.

मी भांडून बघितलं, उपयोग नाही. मग फ्रिजवर एक कागद लावला, तीन ओळी. दात लागला, खेळ संपला. हाताने, पायाने खेळायचं नाही. थांबला की कौतुक. आणि लेकीला "इन्स्पेक्टर" नेमलं. मी सांगितलं तर अण्णांचा इगो मध्ये यायचा, नात म्हणाली "आजोबा, दात लागला, संपला खेळ!" की मुकाट्याने पाय वर घ्यायचे. अण्णांना खेळायचंच होतं, तर त्यांच्या हातात त्यांचाच एक जुना पंचा दिला, गाठ मारून. अंगठ्याऐवजी पंचा ओढायचा. खेळही राहिला, अंगठाही राहिला. पंचा नाही राहिला.

दिवसभर ठीक असतं, संध्याकाळी सात वाजता अंगात आल्यासारखं का करतं?

तिन्हीसांजेचा हा तमाशा जवळपास प्रत्येक पिल्लू करतं. घरभर सुसाट पळणं, सोफ्यावरून उडी, मग येऊन कचकन चावणं, आणि आपण थांबवायला गेलो की अजून जोरात. कारण बहुतेक वेळा एकच, झोप झालेली नसते. पिल्लाला दिवसाला १८ ते २० तास झोप लागते, आणि आपल्याकडे शाळेतून आलेली मुलं, शेजारचे, इस्त्रीवाला, सगळे त्याला उठवून उठवून लाड करतात. झोपेला आलेलं लहान मूल कसं पिरपिर करतं, हे चावतं.

त्यामुळे सात वाजता चावत सुटलं तर शिकवायला बसू नका, काहीही डोक्यात जाणार नाही. लघवीला नेऊन आणा, दिवे मंद करा, त्याच्या कोपऱ्यात चघळायला काहीतरी देऊन ठेवा आणि तुम्ही बाजूला व्हा. दहा मिनिटांत झोपतं. साधारण तासभर जागं आणि दोन तास झोप असं चक्र बसवलं की निम्मं चावणं आपोआप जातं, मला हे कोणी पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर!

साडी, पायजमा, झाडू, फरशी पुसायचं फडकं, सगळ्याला लटकतं.

हलणारी गोष्ट पकडायची हे त्याच्या रक्तात आहे. सासूबाईंच्या निऱ्या म्हणजे हलव्यासाठी जत्रेतला पाळणा. कामाच्या मावशींनी तर तिसऱ्या दिवशी सांगितलं, "ताई, एक तर तो फडकं धरेल नाहीतर मी."

याला दोनच उपाय. एक म्हणजे त्या वेळेला पिल्लू तिथं नसणं. झाडू-फरशीच्या वीस मिनिटांत ते दुसऱ्या खोलीत किंवा जाळीच्या दाराआड, सोबत चघळायचं. यात काही कमीपणा नाही, कारण प्रत्येक वेळी फडकं ओढायला मिळालं की ती सवय अजून पक्की होते. दुसरा म्हणजे साडी धरली की चालणं थांबवणं. खांबासारखं उभं राहायचं. मेलेली साडी ओढण्यात काय मजा? सोडली की "शाब्बास" आणि दोरीचं खेळणं जमिनीवरून सरपटत न्यायचं म्हणजे ते त्याच्यामागे जातं. सासूबाईंनी तर कमरेला एक दोरी खोचूनच ठेवली होती, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी.

चघळायला काय देऊ? दात येतायत म्हणून चावतंय बहुतेक.

चार ते सहा महिन्यांत हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे तेव्हा चावणं परत वाढतं आणि लोक म्हणतात सगळी शिकवण वाया गेली. गेलेली नसते. जाड नॅपकिन ओला करून पिळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कडक झाला की द्या (समोर बसून, तुकडे तोडून गिळायला लागलं की काढून घ्या). थंडगार अख्खं गाजर उत्तम. रबराची पोकळ खेळणी मिळतात त्यात दही-भात किंवा त्याचंच खाणं भरून फ्रीझ करा, अर्धा तास निवांत.

काय नको ते जास्त महत्त्वाचं. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या कांड्या फुटून घशात-आतड्यात टोचतात. खूप टणक हाड किंवा खेळणं नको, अंगठ्याचं नख रुतत नसेल तर ते दातालाही जड. जुनी चप्पल तर मुळीच नको, जुनी आणि नवी यातला फरक कळायला त्याने काय बिल बघितलंय का? आंब्याची कोय नको, आतड्यात अडकते. आणि आमच्या नाशिककरांसाठी खास, द्राक्षं नकोत. हलव्या तीन-साडेतीन महिन्यांचा होता तेव्हा ऐन सीझन, घरात पेटी आलेली, लेक प्रेमाने एकेक द्राक्ष त्याच्यासमोर धरत होती. मी बघितलं म्हणून. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि कोणाला कितीने होईल ते सांगता येत नाही. खाल्लेच तर वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टर. कांदा, लसूण, चॉकलेटही नाही.

घरात लहान मूल आहे. काय काळजी घ्यायची?

पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल आणि पिल्लू, दोघांना एकटं सोडायचंच नाही, पिल्लू कितीही गुणी असो. मूल धावतं, किंचाळतं, हात हवेत उडवतं, पिल्लाच्या दृष्टीने ते त्याच्यापेक्षा मोठं आणि जास्त मजेशीर पिल्लू आहे.

मुलांना एक खेळ शिकवा, झाड. पिल्लू अंगावर आलं की झाड व्हायचं, पाय जमिनीत, फांद्या छातीशी, नजर स्वतःच्या चपलेकडे. लेकीच्या मैत्रिणी आल्या की आम्ही आधी पिल्लाशिवाय दोनदा तालीम घ्यायचो. आणि मुलांना हेही सांगा की जेवताना, झोपलेलं असताना त्याच्याजवळ जायचं नाही, उचलून घ्यायचं नाही, मिठी मारायची नाही. मिठी आपल्याला प्रेमाची वाटते, त्याला कोंडल्यासारखं होतं.

एक फटका दिला तर? आमच्या गावाला तर नाकावर देतात आणि गप होतं.

गप होतं खरं. पण का गप झालं ते बघा. ते "चावू नये" हे शिकत नाही, ते "या माणसाचा हात आला की सावध" हे शिकतं. मग चार महिन्यांनी कोणी प्रेमाने डोक्यावरून हात फिरवायला गेलं की ते त्या हातावर येतं आणि आपण म्हणतो, कुत्रा बिघडला. तोंड दाबून धरणं, कान पिळणं, पेपरची सुरळी, हाताला मिरची लावून चाटवणं, सगळं त्यातलंच.

पिल्लाला उताणं पाडून दाबून धरायचं म्हणजे त्याला कळतं बॉस कोण, असंही काही जण शिकवतात. ही कल्पना आली ती पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणावरून, १९४० च्या दशकातल्या. पुढे डेव्हिड मेक या संशोधकाने जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि १९९९ मध्ये लिहिलं की तिथं कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, बॉसगिरीची मारामारी नसतेच. आणि तुमचं पिल्लू तर लांडगाही नाही. ते दोन किलोचं, रात्री गादीत लघवी करणारं पोर आहे, त्याला कुठं घर बळकवायचंय.

खाण्याच्या भांड्याजवळ गेलं की गुरगुरतं आणि चावायला येतं.

हे खेळातलं चावणं नाही, हे वेगळं धरा. त्याला भीती आहे की तुम्ही खाणं काढून घेणार. आणि आपण नेमकं काय करतो, "माझ्यावर गुरगुरतोस?" म्हणून भांडं उचलतो, म्हणजे त्याची भीती खरी करून दाखवतो.

नामदेवांची गोष्ट आठवते ना, कुत्र्याने पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. अगदी तेच करायचं (तूप नको, पोट बिघडेल). ते खात असताना लांबून जाता जाता भांड्यात चिकनचा तुकडा टाका आणि पुढे चालत राहा, थांबू नका. दिवसातून तीन-चारदा. ज्या अंतरावर ते ताठ होत नाही तिथूनच सुरुवात, मग हळूहळू जवळ. काही दिवसांनी माणूस भांड्याकडे आला म्हणजे काहीतरी मिळणार असं डोक्यात बसतं. तोंडातली वस्तू काढायचीय? बदल्यात दुसरी द्या. आणि गुरगुरण्यावर रागावू नका, ती सूचना आहे. सूचना देणं बंद केलं की थेट चावतं.

खेळताना दात लागला, थोडं रक्त आलं. घरचंच पिल्लू आहे, इंजेक्शन लागतं का?

इथं मस्करी नाही. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, कॉफी काही भरू नका. मग डॉक्टरकडे जा आणि त्यांना ठरवू द्या. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी देतात, म्हणजे त्याआधी ते "घरचं" असलं तरी लसीवाचूनच असतं, आणि रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाला आधी कोण चावलं होतं हे आपल्याला माहीत नसतं. कातडी फुटली नाही, नुसतं चाटलं, तर काही लागत नाही. रक्त न येता ओरखडा असेल तर लस लागते. रक्त आलं, दात आत गेला किंवा जुन्या जखमेवर चाटलं, तर लसीसोबत जखमेत द्यायचं सीरमही लागतं. रेबीज एकदा झाला की त्याला औषध नाही, म्हणून "बघू दोन दिवस" करायचं नाही.

पोटात १४ इंजेक्शनं ही भीती आता काढून टाका, ती लस बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. आता दंडात देतात. सरकारी दवाखान्यात बहुतेक कातडीत देतात, ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर १४ व्या दिवशी अजून एक. आम्ही हलव्याला आणल्याच्या पाचव्या दिवशी चौघांनी रांगेत उभं राहून घेतली, अण्णा सगळ्यात जास्त कुरकुरले आणि सगळ्यात पुढे उभे राहिले.

अमुक जातीचं पिल्लू जास्त चावतं का?

थोडाफार फरक असतो. लॅब्रेडॉर, गोल्डन यांना पिढ्यान् पिढ्या तोंडात शिकार धरून आणायला वाढवलंय, त्यामुळे त्यांच्या तोंडाला सतत काहीतरी लागतं. शेफर्डसारखी गुरं-मेंढ्या वळणारी जात टाचांना धरते. आपला कारवान, म्हणजे इकडचा सडपातळ शिकारी कुत्रा, पळत्याच्या मागे लागतो. गावठी पिल्लं माझ्या अनुभवात लवकर शिकतात, पण मी आता त्यांच्या बाजूची आहे, त्यामुळे माझं ऐकू नका.

घरच्यांना चावत नाही, पाहुणे आले की चावतं.

आनंदाने की भीतीने ते बघा. शेपूट-कंबर सगळं हलतंय, अंग ढिलं आहे, तर तो आनंद. पट्ट्यावर धरा, पाहुण्यांना सांगा चारी पाय जमिनीवर आल्याशिवाय बघायचंसुद्धा नाही. अंग ताठ, शेपूट पोटाखाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, मागे मागे जातंय, तर ती भीती, आणि मग पाहुण्यांनी "ये ये, मला कुत्रे आवडतात" करत जवळ जायचंच नाही.

साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघतं ते त्याला पुढे आयुष्यभर नॉर्मल वाटतं. लसी पूर्ण व्हायच्या आत पारव्होच्या (पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा रोग) भीतीने जमिनीवर सोडता येत नाही, बरोबर आहे, पण कडेवर घेऊन तर नेता येतं! मी हलव्याला भाजीच्या पिशवीत घालून गंगाघाटावर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, नेलं, हेल्मेटवाला माणूस, छत्री, बँड, म्हैस, सगळं लांबून दाखवलं. पिशवीतून नुसतं डोकं बाहेर. भाजीवाली म्हणाली, "काय भाव?"

किती दिवस लागतात? आमचं तर वाढतच चाललंय.

सगळ्यांनी एकच नियम धरला तर दोन-तीन आठवड्यांत जोर कमी झालेला कळतो. पूर्ण जायला दात येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांपर्यंत. मध्ये एकदा अचानक वाढतं. कारण आतापर्यंत चावल्यावर खेळ मिळायचा तो मिळेनासा झाला, तर ते आधी अजून जोर लावून बघतं, लिफ्ट आली नाही की आपण बटण दहा वेळा दाबतो ना, तसं. तेव्हा ढिलाई केली की संपलं, मग त्याला कळतं जोर लावला की लिफ्ट येते.

ट्रेनर किंवा डॉक्टर कधी गाठायचा?

चावण्याआधी एकदम पुतळ्यासारखं थिजत असेल, एकाच जागी हात लावला की चावत असेल (दुखत असेल कुठंतरी), खेळ नसताना जखमा होण्याइतकं चावत असेल, भांडं-हाड-सोफा राखत असेल आणि वाढत असेल, किंवा कालपर्यंत शहाणं होतं आणि आज वागणं पार बदललं, तर आधी डॉक्टर. ट्रेनर निवडताना एकच प्रश्न विचारा, "पिल्लाने चुकीचं केलं तर तुम्ही काय करता?" आमच्याकडे एक जण आले होते, त्यांनी पिशवीतून खिळ्यांचा पट्टा काढला. चहा पाजला आणि पाठवून दिलं.

मग आता हलव्या चावतो का?

माणसांना नाही. मृगाचा पाऊस पडला तोवर दात पूर्ण आले होते, दुधाचा एक सुळा सासूबाईंना गोधडीत सापडला, तो त्यांनी हळदीकुंकवाच्या डबीत ठेवलाय, का ते विचारायचं नाही. अण्णांच्या हातून बिस्किट घेताना आता ओठांनी उचलतो, दात लागत नाहीत. पंचे मात्र लागतात, सध्याचा पाचवा आहे.